नैर्ऋत्येचा उकिरडा

मला राग आला की डाव्या कानातून वाफ निघते. खोटं वाटत असेल तर आमच्या जुन्या लूमच्या खात्यातल्या कारीगरांना विचारा. मधल्या सुट्टीत ते माझ्या कानाशी किटली धरायचे आणि शेठच्या मुलाचे एकेक प्रताप सांगायचे. मी उकळलो की चहाही उकळायचा.

पण गेल्या उन्हाळ्यात जो राग आला त्यावर कोणाला चहा करता आला नसता. तो कानातून निघालाच नाही. आत जाऊन बसला आणि अजून बसलेला आहे. कारण म्हणाल तर भाजीच्या सालांचा एक ढीग.

सुरतेत कोसाडला आमची सोसायटी आहे. चारी बाजूंनी एकाला एक लागून घरं आणि मधे कॉमन प्लॉट. निम्मी घरं आम्हा खानदेशी लोकांची. साक्री, शिरपूर, पारोळ्याकडून लूमच्या खडखडाटामागे आलो आणि इथंच मुरलो. त्या प्लॉटात आम्ही बाग केली. कडुनिंब, झोपाळा, मोगरा, आणि गावाकडून आणलेली भरताच्या वांग्याची रोपं. रोपं काही जगेनात. सुरतेची जमीन खणली की आधी पॉलिस्टरचा धागा निघतो, मग आणखी धागा निघतो, आणि माती शेवटी लाजत लाजत वर येते. एकदा मी तो धागा ओढत गेलो तर आख्खी साडी निघाली, पदरासकट. शेजारच्या उषाबाईनं ती भाचीच्या बारशाला नेसली आणि लोकांनी विचारलं, कोणत्या मार्केटची?

तर बागेला खत पाहिजे होतं. गजेंद्र म्हणजे आमच्या सोसायटीचा प्रमुख आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यानं मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि होळी झाल्यावर एका रविवारी सकाळी सगळ्यांना बागेत गोळा केलं.

"घरातला ओला कचरा आता गाडीत द्यायचा नाही," तो म्हणाला. "इथं बागेतच एका जागी टाकायचा. वरून सुका पाला. पावसाळ्यापर्यंत खत तयार."

"म्हणजे उकिरडा," मी म्हटलं.

"कंपोस्ट, मामा."

"अरेरे. तुझ्या आज्यानं जन्मभर कंपोस्टाच्या काठावर शेळ्या बांधल्या आणि मरेपर्यंत बिचाऱ्याला पत्ता नाही." लोक हसले, तसा मला चेव आला. "आमच्या गावचा उकिरडा काय तापायचा म्हणता! संध्याकाळी त्यात वांगं खुपसून ठेवायचं, सकाळी भरीत काढायचं. कांद्याची पात तेवढी घरून न्यायची."

"मामा, जागा ठरवायची आहे. गोष्टी नंतर."

जागा ठरवायची होती. बागेला चार कोपरे. पहिला उषाबाईच्या दारासमोरचा. तिकडे कोणी नुसतं पाहिलं तरी बाई ओरडली, "आठे नको रे भो! आठे आपली कानबाई बठस!" कानबाई आमची देवी, तिचा मांडव त्या कोपऱ्यात पडतो हे खरं. पण कानबाई येते श्रावणात, पाहुणचार घेते आणि जाते. उरलेलं वर्षभर त्या कोपऱ्यात उषाबाईच्या गोधड्या वाळतात.

दुसऱ्या कोपऱ्यावर पंडितचं घर. नाव पंडित, धंदा साड्यांना लेस लावून देण्याचा. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "आमच्या बाबांना दमा आहे."

"बाबा कुठं आहेत?" मी विचारलं.

"साक्रीला."

"कधी येणार?"

"ते नाही येत. त्यांना सुरत मानवत नाही."

दमा सुरतेत आणि दमेकरी साक्रीत, असा आजार मी प्रथमच पाहिला. पण लोकांनी माना हलवल्या. दम्याचा कोपरा गेला.

तिसऱ्या कोपऱ्यावर खुद्द गजेंद्र. त्याला काही बोलायचीही गरज पडली नाही, त्याच्या वतीनं पंडितच बोलला, "ती तर ईशान्य. देवाची दिशा."

मग सगळ्यांच्या माना, उन्हाकडे वळणाऱ्या रोपासारख्या, एकदमच चौथ्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथं भाऊरावांचं घर.

भाऊराव रेल्वेत होते. उधन्याला सगळी नोकरी काढली. माझ्याच वयाचे, माझ्यापेक्षा कमी बोलणारे. काशीबाई त्यांची बायको. पलसाण्याला रंगाच्या मिलमधे कापडाच्या घड्या घालायला होती. त्या शेडला खिडकी नव्हती. वाफ, रंगाचा उग्र दर्प आणि वर पत्रा. म्हणून घर घेताना तिनं बाकी काही पाहिलं नाही, स्वयंपाकघराची खिडकी पाहिली. ती बागेत उघडते. काशीबाई भाकरी थापताना बाहेर पाहते आणि झोपाळ्यावरच्या पोरींना ओरडते, "हळू गं, पडशील!" तिच्या तेवढ्या ओरडण्यात मला कितीकदा सुख दिसलेलं आहे.

भाऊराव-काशीबाई बौद्ध. सोसायटीतलं ते एकच घर.

"नैर्ऋत्य," गजेंद्र म्हणाला. "नैर्ऋत्येला जड वस्तू ठेवावी असं शास्त्रच आहे."

"मग तुझी बुलेट ठेव तिथं," मी म्हटलं.

"मामा!"

"नाहीतर स्वतः उभा राहा. तूही काही हलका नाहीस."

हशा झाला. हशात ठराव पक्का होऊ लागला. गावात लोक तोंडानं सांगायचे, तुमचं घर तिकडं, तुमचं पाणी तिकडं. शहरात तोंडानं कोणी काही म्हणत नाही. शहरात बोटानं कोपरा दाखवतात आणि वर शास्त्र सांगतात.

मी उठून उभा राहिलो. "अरे, निदान वाऱ्याला तरी विचारा! उन्हाळाभर सुरतेत वारा समुद्राकडून येतो, म्हणजे ह्याच नैर्ऋत्येकडून. भाऊरावांच्या भिंतीला उकिरडा लावाल तर सगळा वास बाग ओलांडून सरळ गजेंद्रच्या बैठकीत. डुमसच्या किनाऱ्यावर भजी तळतात तेव्हा मला इथं बसून कळतं, तेल नवं की जुनं."

"मामा, परवा तुम्ही सांगत होता तापीतली मगर तुम्हाला नावानं हाक मारते."

"मारते. पण आज मी मगरीचं बोलत नाही."

ह्यावर तर लोक झोपाळ्याच्या साखळ्या धरून हसले. जन्मभर थापा मारल्या, लोकांनी त्या ताट पुसून खाल्ल्या. त्या दिवशी एक खरी गोष्ट वाढली तर कोणी तोंडी लावली नाही.

काशीबाई आपल्या ओट्यावर उभी होती. "मला विचारलं का कोणी?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हसणं थांबलं.

"काकू, तुम्ही तर आपल्याच," गजेंद्र म्हणाला. "जरा ॲडजस्ट करा."

"आपली आहे तर तुझ्या दारात ठेव."

"असू दे," भाऊराव तिला म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "असू द्या हिलालभाऊ. रोज तोंडं पाहायची एकमेकांची. वाकडं कशाला?"

ठरलं. बरोबर काशीबाईच्या खिडकीखाली विटांचं आळं झालं.

व्हिडिओत दाखवलं होतं त्यात दोन कामं होती. साल टाकायची आणि वरून पाला टाकायचा. आमच्या लोकांनी अर्धाच व्हिडिओ पाहिला असावा. पाला टाकायला त्या भिंतीपर्यंत जावं लागतं. जायचं कोणी? बायका झोपाळ्यापाशी उभ्या राहून पिशवी गरगर फिरवायच्या आणि सोडायच्या. पंडितची बायको तर अशी नेमबाज झाली की तिला कुठल्या स्पर्धेला पाठवलं असतं तर देशाचं नाव झालं असतं. कधी पिशवी आळ्यात पडायची, कधी भिंतीवर फुटायची, कधी खिडकीच्या गजात अडकून लोंबायची.

काशीबाईनं खिडकी लावून घेतली. चैत्राचं ऊन, वर गच्ची तापलेली, आत गॅस, आणि खिडकी बंद. एक दिवस मी गेलो तर ती ओढणीनं तोंड बांधून पोळ्या लाटत होती, मिलमधे बांधायची तशी.

"वहिनी, मी थोडा पाला टाकू का त्यावर?" मी विचारलं.

"खबरदार एक पान टाकाल तर." लाटणं तिनं माझ्याकडे रोखलं. "ज्यांनी ठेवला त्यांनी झाकावा. माझी आई सांगायची, गावचा उकिरडा ओलांडला की आपलं घर. मी म्हणायचे, आई, मी कुठंही राहीन, उकिरड्याच्या शेजारी राहणार नाही. आता धम्मरत्न म्हणतो, पर्वत पाटियाला माझ्याकडे या, घर विकून टाका."

धम्मरत्न त्यांचा मुलगा. मी भाऊरावांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

"यांचं मन झालंय जायचं," काशीबाई म्हणाली. "माझं नाही. आणि मी आखाजीपर्यंत पाहणार. तोवर हा ढीग हलला नाही तर मीसुद्धा जाईन. बंद खिडकीच्या घरात मला मरायचं नाही."

मी बाहेर आलो तो दिवस मोजतच. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. ती पुढ्यात आली होती.

आणि वाऱ्यानं आपलं काम केलं. समुद्राकडून आला, ढिगावरून गेला, बाग ओलांडली आणि गजेंद्रच्या बैठकीत जाऊन सोफ्यावर बसला. गजेंद्रचा लग्नाला आलेला मुलगा हेमराज नाक धरून म्हणायचा, "पप्पा, बहु वास आवे छे." त्यांनी उदबत्त्या लावल्या, फवारे मारले, पडदे बदलले. एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना गजेंद्र नाक उडवून म्हणाला, "काशीकाकूंकडे सुके बोंबील भाजतात वाटतं."

मी ऐकलं आणि माझा विश्वास बसेना. "काय म्हणालास?"

"वास येतोय ना तिकडून."

"गाढवा! तिकडून येतोय म्हणजे कशाचा येतोय? तुझ्याच घरची कोबीची पानं सडलीत तिथं! बोंबील भाजला तर माणसाला भूक लागते रे, ह्या वासानं मला माझं बारशाचं जेवण वर येतंय!"

"हळू बोला मामा."

"हळू कशाला? हलव तो ढीग!"

"आता ठरलंय. हलवला तर लोक म्हणतील, प्रमुख चुकला." मग जरा खालच्या आवाजात, "आणि हलवून ठेवू कुठं? तिथंच बरंय."

तेव्हा मला ह्या माणसांचं गणित कळलं. त्यांना वास चालत होता. स्वतःच्या बैठकीत, स्वतःच्या ताटात, स्वतःच्या मुलाच्या नाकात चालत होता. फक्त कोपरा चुकायला नको होता. दुसऱ्याला त्याची जागा दाखवायची म्हणून माणूस स्वतःच्या नाकावर इतका जुलूम करतो, हे मी कुठल्या थापेतसुद्धा घातलं नसतं. कोणाला पटलं नसतं.

अशात हेमराजचं लग्न निघालं, आखाजीचाच मुहूर्त. गजेंद्रची बायको जयश्री माझ्याकडे आली, चेहरा फुललेला.

"मामा, यंदा खरा उकिरडा पूजायला मिळणार!"

आमच्यात हळदीच्या आधी नवरदेवाची आई वाजतगाजत उकिरडा पूजायला जाते. जे नको ते सगळं तो पोटात घेतो आणि त्याचं पीक करून देतो, म्हणून त्याचा मान. पण सुरतेत उकिरडा आणायचा कुठून? जयश्रीच्या मुलीच्या, नूतनच्या लग्नात आम्ही पालिकेच्या हिरव्या डब्याला हळदकुंकू लावलं होतं. कचऱ्याची गाडी आली, गाडीवाला हॉर्न वाजवतोय, बायका म्हणताहेत थांब रे, नैवेद्य राहिलाय.

"तुम्ही जुने आहात," जयश्री म्हणाली. "मला सगळी रीत नीट सांगा. ह्यावेळी काही चुकायला नको. एकच मुलगा आहे."

देवाशपथ सांगतो, ती आली तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. पण 'रीत' हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि मला दिसलं की ह्या लोकांना वारा हलवणार नाही, नाक हलवणार नाही, लाज तर नाहीच. हलवली तर रीतच हलवेल.

"बस," मी म्हटलं. "उकिरड्याला यजमान असतो, हे तुला माहीत आहे ना?"

"नाही बाई."

"कसं असेल? तू हिरव्या डब्याच्या काळातली. ज्याच्या भिंतीला उकिरडा टेकलेला, ते घर त्याचं यजमान. नवरदेवाच्या आईनं आधी त्या घरात जायचं. त्या घरच्या बाईनं स्वतः रांधलेला घास तिच्या स्वयंपाकघरात बसून खायचा. मग पहिली ओटी तिची, आणि तिला पुढं घालून पूजेला जायचं. मगच तो पावतो."

जयश्रीचा चेहरा उतरू लागला. "आणि नाही केलं तर?"

"आमच्या गावी एका पाटलानं नाही केलं. नवरदेव घोड्यावर बसला आणि फेट्यातून अळंबी उगवू लागली. एक काढली की दोन. वरात पुढं, आणि मागं वळून पाहतात तर उकिरडा चालत येतोय."

"चालत?"

"सावकाश. घाई नाही त्याला. नवरी उतरली तेव्हा दारात हा उभा. तीन पिढ्या त्या घराला त्यानं सोडलं नाही."

दुपारचा चहा होईपर्यंत ही रीत सगळ्या सोसायटीला पाठ झाली होती. संध्याकाळी उषाबाई मला सांगत होती की तिच्या माहेरीही हेच करतात, फक्त तिकडे दोन घास खातात. माझी थाप इतक्या लवकर कधी बाळंत झाली नव्हती. मी खूश होतो. मला वाटलं, जयश्री काशीबाईच्या स्वयंपाकघरात जाईल, घास खाईल, ती बंद खिडकी पाहील, घामानं भिजेल आणि तिथंच बसून नवऱ्याला हाक मारील.

मी म्हातारा झालो तरी माझ्या माणसांना ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत फावड्यांचा आवाज आला. पाहतो तर गजेंद्र, पंडित, अजून दोघं-चौघं, ढीग हलवायला आलेले. आणि काय उत्साह! "आमच्या कोपऱ्यात आणा," पंडित म्हणत होता. "बाबांना आता बराच आराम आहे." उषाबाई पदर खोचून उभी. "कानबाईले काय, ती तर माय शे. मन्हा दारशी ठेवा. घास मी करसू. पुरनपोळी करसू!" ज्या ढिगाला चार कोपऱ्यांत जागा नव्हती त्याच्यासाठी दोन घरं भांडत होती.

भाऊरावांचं दार उघडलं. काशीबाई बाहेर आली. क्षणभर तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. ढीग हलत होता.

"आज कसं काय सुचलं?" तिनं विचारलं.

गजेंद्र म्हणाला, "काही नाही काकू, तुम्हाला त्रास होतो ना."

"महिनाभर ओरडतेय. आज कळला त्रास?"

तेवढ्यात उषाबाईच्या तोंडून निघालं. तिच्या मनात खोट नव्हती, ती आनंदात होती इतकंच. "आवं बहीन, रीत शे ना! जेना भितडाले उकिरडा, तेना घरना घास खाना पडस. मंग जयश्री तुन्हा घर कसी जेवी?"

काशीबाईचा चेहरा मी पाहू शकलो नाही. मी कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहिलं. माझी थाप फळाला आली होती. ढीग खिडकीखालून निघत होता, मला हवा होता तसाच. आणि निघत होता तो कशासाठी? तिच्या हातचा घास टळावा म्हणून. उकिरडा उचलणं सोपं वाटलं त्यांना, तिच्या घरी जेवण्यापेक्षा.

"फावडी खाली ठेवा," काशीबाई म्हणाली.

"काकू, तुमच्याच फायद्याचं..."

"खाली ठेव!" ती ओट्यावरून उतरली आणि ढिगाच्या पुढ्यात उभी राहिली. "हिलालभाऊ, इकडे या."

मी गेलो. लूमच्या शेठपुढं मी कधी मान खाली घातली नव्हती.

"ही रीत तुम्ही सांगितली?"

"हो."

"खरी आहे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. आणखी एक लहानशी थाप मारली असती तर ढीग निघाला असता, खिडकी उघडली असती.

"नाही," मी म्हटलं. "मी रचली. वहिनी, तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी काय? मला ह्यांच्यापुढं वाढून ठेवलंत. जेवता की उकिरडा उचलता म्हणून. ह्यांनी उचलला."

आणि तेवढ्यात पंडित हसला. सुटल्यासारखा, मोकळा हसला आणि फावडं टाकून म्हणाला, "म्हणजे थापच ना? मग राहू द्या की इथंच!"

"राहू द्या, राहू द्या," दोघंतिघं म्हणाले. पाट्या खाली ठेवल्या गेल्या. एक जण हात झटकून निघालासुद्धा.

"ऐकलं?" काशीबाई गजेंद्रला म्हणाली. "ऐकलंस ना प्रमुख? आता मला एकच सांग. इथं ठेवला कशासाठी? शास्त्र सांगू नकोस."

गजेंद्र भाऊरावांकडे पाहू लागला. 'असू दे' हा शब्द कोणाच्या तरी तोंडून यावा म्हणून. भाऊराव दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सांग की. मलाही ऐकायचंय."

"काका, तसं काही नाही..." गजेंद्र म्हणाला. "तुम्ही काही बोलत नाही म्हणून... म्हणजे..."

"आता बोलले," काशीबाई म्हणाली. तिनं पंडितचं फावडं उचललं, पाटी ओढली आणि भरू लागली. भरली, डोक्यावर नाही, कमरेवर घेतली, आणि बागेच्या बरोबर मधे, झोपाळ्याच्या अलीकडे, जिथून प्रत्येक दार दिसतं तिथं नेऊन उपडी केली. आंबलेल्या सालांचा असा भपकारा सुटला की पंडित मागं सरला.

"ही कोणाची दिशा आहे?" ती म्हणाली. "देव कोणता राहतो इथं? सांगा, म्हणजे त्यालाही विचारते."

"काकू, तिथं पोरं खेळतात!"

"माझ्या खिडकीत मी बसायचे. खेळू दे त्यांना."

भाऊराव पायजमा वर खोचून आले आणि दुसरी पाटी घेतली. मी पुढं झालो तर काशीबाईनं माझ्याकडे न पाहता म्हटलं, "तुम्ही नको." मी तरी फावडं घेतलं. ती पुन्हा काही म्हणाली नाही, पण माझी पाटी तिनं उचलली नाही. भाऊरावांनी उचलली.

गजेंद्र ओरडू लागला. कमिटीचा ठराव, बहुमत, सोसायटीची शिस्त. त्याच वेळी जयश्री घरातून आली. हातातल्या बांगड्या मागं सारल्या आणि काशीबाईच्या पाटीचा दुसरा कान धरला.

"तू कुठं चाललीस?" गजेंद्र म्हणाला.

"मला पूजा करायचीय. तुम्ही भांडत बसाल आणि मी पुन्हा हिरव्या डब्याला हळद लावू?"

दोघींनी पाटी नेली. परत येताना जयश्री हळू म्हणाली, "काकू, मी येणार होते घास खायला. ह्यांनीच नको म्हटलं."

"उकिरड्यासाठी येणार होतीस."

जयश्रीनं रिकामी पाटी उलटी करून झटकली.

"उकिरड्यासाठी येऊ नकोस. नुसती ये," काशीबाई म्हणाली आणि पुन्हा वाकली.

जयश्री अजून गेलेली नाही.

लग्न झालं. मी नवरदेवाच्या बापाचा मामा, मला पाटावर बसवावंच लागलं, पण गजेंद्र माझ्याशी पत्रिकेवरच्या मजकुराएवढंच बोलला. बायका बँड घेऊन बागेच्या मध्यावर आल्या, ढिगाला हळदकुंकू वाहिलं, नाचल्या. भाऊराव लग्नाला आले, जेवले, हेमराजच्या पाठीवरून हात फिरवून गेले. काशीबाई आली नाही. ती घर सोडूनही गेली नाही. धम्मरत्न आला तेव्हा त्याच्यापुढं तिनं उघड्या खिडकीतून वारा घेत भाकरी थापल्या, आणि घर विकायचं तो पुन्हा बोलला नाही. माझ्याशी मात्र ती अजून तुटकच बोलते. मी तिच्यावर रागावून पाहिलं. इतकी सुरेख थाप, आणि बाईनं भर चौकात तिचं पोट फाडलं! पण तो राग काही टिकत नाही. दुसरा टिकतो.

दुसरा राग असा की आता वासच येत नाही.

वारा तोच, ऊन तेच, कोबीची पानंसुद्धा तीच. पण ढीग आता सगळ्यांच्या दारासमोर आहे. म्हणून साल टाकली की लगेच वर पाला पडतो. पंडितची बायको, ती नेमबाज, आता चालत येते, वाकते, पिशवी हलकेच रिकामी करते आणि बाळाला पांघरूण घालावं तसा कडुनिंबाचा पाला पसरते. पंडित दर रविवारी पाणी शिंपडतो. म्हणजे हे सगळं त्यांना येत होतं. पहिल्या दिवसापासून येत होतं.

परवा उषाबाई पाला टाकत होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "उषाबाई, ढीग भाऊरावांच्या भिंतीला होता तेव्हा असा पाला का नाही टाकला गं एकदाही?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय विचारतोय हा म्हातारा, अशा नजरेनं.

"तठे कोन जास, भो?" ती म्हणाली, आणि पाला थोपटू लागली.